लेक खांद्यावर घेणारा गवळी

आमचं संस्थान विलीन झालं त्या सुमाराला गंगावेशीत एक गवळी गिऱ्हाइकापुढंच म्हशीची धार काढून द्यायचा. मी रोज त्याच्याकडंच दूध घ्यायचो, पण त्याचं नाव कधी विचारलं नाही. तो मला पावणं म्हणायचा, मी त्याला. माणसांशी दोन शब्द बोलायचा, म्हशीशी मात्र तासभर.

त्याला मुलगी झाली. तीन महिन्यांची झाली तशी तो तिला खांद्याला लावूनच येऊ लागला. आमच्यात बापानं थोरांदेखत आपलं मूल उचलायची चाल नाही. त्याचा म्हातारा भडकला, "चारचौघांत पोर मिरवतोस, लाज न्हाय वाटत?"

"माझीच हाय की, आबा. शेजाऱ्याची घेतली तर बोला."

लोक हसले. हा पोरीची जांभई बघत राहिला आणि म्हैस ताटकळली. मग मला म्हणाला, "पावणं, धरा जरा. धार काढतो."

मला धरता येईना.

"लेकरं न्हाईत काय तुम्हास्नी?"

"हाय की एक लेक. सासरी असती."

खरं होतं ते. पण वडील सदा घरात, म्हणून तान्हेपणी मी तिला कधी उचललीच नाही. बायको म्हणायची, "एकदा घ्या की, कोण बघत न्हाय." गवळ्याला पोर झाली त्याच साली बायको गेली होती.

गवळ्यानं माझा हात धरून पोरीच्या मानेखाली सरकवला. "अस्सं," म्हणाला.

माझा तांब्या भरला. तरी मी पोर परत दिली नाही, आणि त्यानंही मागितली नाही.