हातावरची साखर

हे लिहायला बसलो आहे त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि मीही अजून दुसऱ्या वर्षालाच आहे. लिहिणारी माणसं वेगळी असतात, त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही असतं. माझ्याकडे आहे ते इतकंच, की मी चहातली साखर सोडली आणि त्यावरून घरात काय काय झालं. हे कुणी वाचावं एवढं मोठं आहे का, ते मला खरंच ठरवता येत नाही.

मी माणगावला कॉलेजजवळ खोली घेऊन राहतो. गाव आत, एसटीने जावं लागतं. पहिल्या वर्षी माझी एकच अडचण होती. दुपारी जेवण झालं की डोकं बंद पडायचं. अकाउंट्सचा तास नेमका दुपारी. सर फळ्यावर ताळेबंद मांडत आणि मी उघड्या डोळ्यांनी झोपलेला असे. मला वाटायचं, आपल्या घराण्यात डोकं भातशेती आणि टेम्पोपुरतंच दिलेलं आहे. कुणाला बोललो नाही, पण रोज वाटायचं.

एकदा त्याच सरांनी तासानंतर थांबवून विचारलं, "दिवसभरात खातोस काय रे?" मी सांगितलं. सकाळी कोरा चहा आणि बटर. कॉलेजात चहा आणि क्रीमची बिस्किटं. मधल्या सुट्टीत चहा-पाव. दुपारी भात, संध्याकाळी परत चहा. आमच्याकडे भाताच्या लावणीला जाताना पितात तसाच माझा चहा असे, ओठ चिकटतील इतका गोड. दिवसभर चिखलात वाकणाऱ्याला तो जिरतो. मी बाकावर बसून तोच पीत होतो.

"साखर कमी करून बघ थोडे दिवस," सर म्हणाले. "डोक्याचं नंतर बघू."

पहिल्यांदा मी गुळाचा चहा सुरू केला, आणि गूळ म्हणजे काही साखर नव्हे अशा समजुतीने दुप्पट घातला. सर ऐकून खूप हसले. मग तोही बंद केला. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. कपाळ ठणकायचं, खोलीतल्या मित्राशी बादलीवरून भांडलो. सकाळी बिस्किटांऐवजी घरून आणलेल्या तांदळाच्या पिठाची भाकरी आणि सुकट खायला लागलो. मग एका दुपारी तास संपल्यावर लक्षात आलं की मी पूर्ण वेळ जागा होतो आणि ताळेबंदाच्या दोन्ही बाजू मला स्वतःला जुळवता आल्या होत्या. असं वाटलं की कुणीतरी खिडकी पुसून दिली. ती गोष्ट मला सोडायची नव्हती.

त्याच सुमारास ताईला बघायला पाहुणे आले. हरिहरेश्वरकडचे लोक. मुलगा, त्याची आई आणि एक काका. ताई गावात शिवणकाम करते. तिने मुलाला सगळ्यांसमोर विचारलं, "मी माझी मशीन घेऊन येईन, चालेल ना?" तो म्हणाला, "एक कशाला, दोन आणा." ताई हसली, आणि ती अशी हसलेली मी आधी कुठल्या पाहुण्यांसमोर बघितली नव्हती. मागची दोन स्थळं तिने स्वतःच नको म्हटली होती. हे तिला हवं होतं, ते आम्हा सगळ्यांना कळलं.

आमच्याकडे पसंती झाली की मुलाकडची मोठी बाई वाटीतली साखर प्रत्येकाच्या हातावर ठेवते आणि सगळे ती तोंडात टाकतात. मुलाच्या आईने वाटी माझ्यासमोर आणली. मी हात जोडले आणि म्हटलं, "मला नको, मी साखर बंद केलीय."

त्यांचा हात तसाच राहिला. "ह्या वयात?" त्या म्हणाल्या.

"अभ्यासासाठी," मी म्हटलं.

"अभ्यासाला साखर आडवी येते व्हय?" काका म्हणाले, आणि एकदोघं हसले. त्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, मग ताईकडे. आई मागून कुजबुजली, "खा की रं, दोन दाणे!" मी खाल्ले. पण तोवर उशीर झाला होता.

पाहुणे गेले आणि निरोप येईना. मग कानावर आलं की ते गावात चौकशी करतायत, घरात डायबिटीस कुणाकुणाला आहे. डॉक्टरने सांगितल्याशिवाय कुणी साखर सोडतं, हेच त्यांना पटत नव्हतं. त्यांचं काही चुकत होतं असं मला म्हणवत नाही. आमच्या गावातही कुणी सोडली नव्हती.

शेवटी मुलाच्या आईचाच फोन आला. आमच्या आईने घेतला. समोरून काय विचारलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, आईचं तेवढं ऐकलं. "न्हाय हो बाई, आजार कसला! नवस बोललाय त्यानं. तुमच्याच हरिहरेश्वराला. पास झाल्याबिगर साखर न्हाय तोंडात घालनार. त्या दिशी दोन दाने मीच बळंबळं खायला लावलं."

फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "कधी बोलला हा नवस?"

"आत्ता बोललाय," आई म्हणाली. "गप ऱ्हावा."

नवस म्हटल्यावर पलीकडे सगळं एकदम समजलं. त्या बाई उलट खूश झाल्या. फक्त म्हणाल्या, देवाचं राहिलेलं असताना शुभकार्य नको. तुमचा मुलगा पास होऊ दे, नवस फेडू दे, मग साखरपुडा करू. म्हणजे ताईचं लग्न आता माझ्या निकालावर येऊन थांबलं.

त्यानंतर मी पुस्तक उघडलं की आकड्यांच्या जागी ताईच दिसायची. डोकं स्वच्छ होतं, झोप येत नव्हती, पण त्या जागेपणाचा उपयोग होईना. मी खोटं खरं करून टाकायचंही बघितलं. एकदा आंघोळीनंतर हात जोडून तोच नवस मनात बोललो. पण आधी सांगून मग बोललेला नवस देव कसा धरत असेल, ते मला कळेना, आणि विचारायचं तरी कुणाला?

परीक्षा संपवून घरी गेलो तेव्हा ताई कुणाचा तरी ब्लाऊज शिवत होती. मी म्हटलं, "नापास झालो तर?"

"नापास झालास तर परत बसशील," ती म्हणाली. "तू कशाला एवढा काळा पडलायस?"

"तुझं लग्न..."

"माझं लग्न तुझ्या अकाउंट्सवर नाही करायचं मला." तिने दोरा दातांनी तोडला. "मी त्यांना फोन करून सांगते. आजार नाही, नवस पण नाही. उद्या तिथे गेल्यावर त्यांच्याच देवळात कुठल्या तोंडाने उभी राहू?"

"आई रागवेल."

"रागवू दे. आणि तू आता माझ्यासाठी परत चहात साखर टाकायला लागू नकोस. आधी शेळीसारखा पेंगायचास."

तिने त्याच संध्याकाळी मुलाला फोन केला. परसात पेरूच्या झाडाखाली उभी राहून बराच वेळ बोलली. आत आली तेव्हा चेहरा मोकळा होता. "हसला तो," म्हणाली. "आईशी बोलून कळवतो म्हणाला." आईने दोन दिवस तिच्याशी अबोला धरला.

दुसऱ्या वर्षाचे तास सुरू झाले म्हणून मी माणगावला परत आलो. निकाल लांबला होता. फोन वाजला की निकालाचा की तिकडचा, एवढंच मनात यायचं. ताईला विचारायचा धीर होत नव्हता आणि तीही स्वतःहून काही बोलत नव्हती.

मग एका दुपारी आईचा फोन आला. आई दुपारी कधी फोन करत नाही.

"त्यांचा निरोप आला," ती म्हणाली. "त्याच्या आईनं सोता फोन केलता. पोरगी खरं बोलली त्याचं बरं वाटलं म्हनाली. आजार असता तरी एक वेळ चाललं असतं. पन आमच्या देवाच्या नावानं खोटं बोलनाऱ्या घरची सून नको, म्हनाली."

मी विचारलं, "आणि तो?"

"तो आईच्या शब्दाच्या भायेर न्हाय." आई म्हणाली, "मोडलं रं, बाळा."