डिंभ्याच्या धरणातली आफ्रिका

ओतूरच्या एसटी स्टँडसमोर माझा फ्लेक्स लागला होता. गॉगल घातलेला मी, एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला जिराफ आणि खाली शुभेच्छुकांची लांबलचक रांग. 'चित्रपटाच्या कामानिमित्त आफ्रिका दौऱ्यावर जात असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मी जाणार होतो त्या किनाऱ्यावर नुसती वाळू, वाळूला लागून समुद्र आणि समुद्रावर धुकं. पण फ्लेक्सवाल्याकडे आफ्रिका म्हटल्यावर हे दोनच प्राणी होते आणि आमच्या आप्पांना, म्हणजे वडिलांना, ते दोन्ही पसंत पडले होते.

माझं काम चित्रपटांसाठी जागा शोधण्याचं. गोष्टीत लिहिलंय तसं दिसणारं ठिकाण कुठे आहे, तिथवर गाडी जाते का, जनरेटर कुठे उभा राहील, सकाळचं ऊन कोणत्या बाजूने येतं, हे सगळं आधी जाऊन बघायचं. गावात हे कुणाला समजावता येत नाही. मी प्लॉटिंगच्या धंद्यात आहे असाच सगळ्यांचा समज. "पोरगं पुन्याकडं जागा बघतं ना? मग आमाला बी एखादा गुंठा बघाय सांगा की," असं लोक आप्पांना म्हणायचे आणि आप्पा ओशाळून हसायचे. त्यामुळे दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाचा दौरा ठरला, तेव्हा त्यांनी हौसेला काही कमी पडू दिलं नाही. मारुतीच्या देवळापुढे मला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. आमच्याकडे माणूस काही करून आल्यावर त्याचा सत्कार होतो असं नाही, तो करायला निघाला की होतो. करून येईपर्यंत थांबायला कुणाला सवड आहे? भाषणं झाली. आप्पा पहिल्या रांगेत, पांढरीशुभ्र टोपी घालून, मांडीवर माझा नारळ घेऊन बसले होते.

पुण्याला परतलो आणि चित्रपटाच्या कंपनीतून फोन आला, माझा दौरा रद्द. आफ्रिकेतली वाळवंटाची आणि किनाऱ्याची लांबून दिसणारी दृश्यं तिथलीच माणसं टिपून पाठवणार होती. कलाकारांचे प्रसंग इकडेच उरकायचे ठरलं होतं. मी फक्त त्या वाळवंटाशी जुळणारी जमीन शोधून द्यायची. "तुम्ही जुन्नरकडचे ना? उन्हाळ्यात एखादं धरण आटत असेल की!" पलीकडचा माणूस अगदी खुशीत बोलत होता.

आप्पांना तेव्हाच फोन लावायला हवा होता. नंबर काढलाही. पण डोळ्यांसमोर तो जिराफ उभा राहिला. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी आप्पांचाच फोन आला. विमानतळावर सोडायला दोन जीप भरून माणसं तयार होती. मी घाबरून म्हणालो, "नको, कंपनीची गाडी आहे. मी निघालोच." आणि निघालोही. घोडेगावमार्गे, डिंभ्याच्या धरणाकडे.

भर उन्हाळ्यात त्या धरणाचं पाणी मागे सरकतं आणि खालची जमीन उघडी पडते. गाळ वाळून फिकट पिवळा होतो, त्याला भेगा जातात. त्यापलीकडे पाणी एवढं पसरलेलं की समोरचे डोंगर चौकटीबाहेर ठेवले तर खुशाल समुद्र म्हणावं. डोंगर बाहेर ठेवणं हेच माझं सगळं काम होतं. आफ्रिकेचे फोटो मोबाइलवर उघडून मी गाळात गुडघे टेकायचो, कधी पालथा पडायचो, कोणत्या उंचीवरून सह्याद्री नाहीसा होतो ते बघायचो. गुरांच्या खुरांचे ठसे पायाने पुसायचो. राहायला तळेघरच्या बाजूला एका मावशींचं घर मिळालं होतं. मावशी रोज नाचणीची भाकरी थापून द्यायच्या आणि मी परत आलो की कपड्यांवरचा गाळ बघून हसायच्या.

"हितं कशाचा शिनेमा काढताय? हितं तर काईच न्हाई," त्या एकदा म्हणाल्या.

"मावशी, तेच पाहिजे. काहीच नसलेलं."

"मग बरुबर जागी आलायसा," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

आप्पांचा रोज फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "तिकडं किती वाजलं?" त्यांनी कुणाकडून तरी साडेतीन तासांचा फरक माहीत करून घेतला होता आणि मी सांगितलेली वेळ जुळली की त्यांना कोण आनंद व्हायचा. मी घड्याळाकडे बघून मनातल्या मनात वजाबाकी करायचो. एकदा बोलता बोलता मागे टिटवी ओरडली.

"टिटवी हाय का रं तिकडं?"

"असतात इकडंही, आप्पा."

"व्हय का," ते म्हणाले. त्यांनी लगेच विश्वास ठेवला आणि त्या विश्वासाचीच मला जास्त लाज वाटली. मग त्यांनी वाळवंटाचे फोटो मागितले. मी धरणाच्या गाळाचे पाठवले. संध्याकाळपर्यंत ते गावाच्या ग्रुपवर गेले होते. खाली जोडलेले हात, टाळ्या, अंगठे आणि हसरे चेहरे. कुणीतरी 'गावाचं नाव काढलं' असंही लिहिलं होतं. मी फोन पालथा ठेवला.

टॉर्चचे सेल संपले म्हणून एकदा घोडेगावच्या बाजारात गेलो. तोंडाला टॉवेल गुंडाळला होता, पण चहासाठी तो खाली घ्यावाच लागला. मागून कुणीतरी मला हाक मारली. आवाज ओळखीचा वाटला, आमच्या शेजारच्या मळ्यातल्या भाऊंचा. मी वळलो नाही. पैसे ठेवले, अर्धा चहा तसाच टाकला आणि चोरासारखा गल्लीत शिरलो.

त्यानंतर आप्पांचे फोन आखूड झाले. किती वाजले ते विचारेनात, फोटो मागेनात. नुसतं, "जेवला का? तब्येतीला जप." मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, बरं झालं, नव्याची नवलाई संपली.

जागा पसंत झाली. ज्यांना दाखवायची ते मुंबईहून आले आणि "हुबेहूब" म्हणाले. मी घरी निघालो. जाताना पुण्याला जाऊन परदेशी चॉकलेटं घेतली आणि खोलीवर बसून नखाने प्रत्येक डब्यावरची किमतीची चिठ्ठी खरवडून काढली. हे लिहितानाही कान तापतात.

घरी पोचलो तर ओट्यावर माणसं जमलेली. आईने ओवाळलं. शेजारच्या मळ्यातले ते भाऊही आले होते, माझ्याकडे टक लावून बघत होते.  कुणीतरी विचारलं, "काय पावणं, शिव्ह बघितला का न्हाई?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात आप्पाच बोलले.

"तिकडल्या अंगाला शिव्ह कुटला आलाय? नुसती वाळू. डोंगरायवढाली वाळू आन ती पार समुद्रात उतरलीय. सकाळी पान्यावरनं धुकं येतं, पार दुपार व्हईस्तवर हालत न्हाई."

लोक त्यांच्याकडे वळले. मग विचारणारे आप्पांना विचारत होते आणि आप्पा सांगत होते. किनाऱ्यावर मोडून पडलेली जहाजं, धुक्याच्या थेंबांवर जगणारे किडे, दुपारी तापणारी आणि रात्री गार पडणारी वाळू. माझ्यावर एकही प्रश्न येऊ दिला नाही. हे त्यांना कुठून कळलं, मला समजेना. आईने नंतर सांगितलं की बरेच दिवस ते मोबाइलवर तेच बघत बसलेले असायचे, चष्मा लावून, पुन्हा पुन्हा.

शेवटी ते भाऊ म्हणाले, "मला घोडेगावात ह्यो तुमचा पोरगा दिसला व्हता, मी तुमाला सांगितलं बी."

"दुसरं कोन आसंल," आप्पा शांतपणे म्हणाले. "आमचं तवा तिकडं व्हतं. रोज फोन व्हता ना मला."

 लोकांनी चॉकलेटं खाल्ली, चहा घेतला आणि पांगले. मी आप्पांकडे धड बघू शकत नव्हतो. बघितलं तेव्हा त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं आणि गळा मोकळा होता. आप्पा माळकरी. तुळशीची माळ त्यांच्या गळ्यात माझ्या जन्माआधीपासूनची. दुधात पाण्याचा थेंब नाही की बोलण्यात. माळेच्या जागी उन्हाने न रापलेली एक गोरी रेघ तेवढी होती.

"आप्पा, माळ?"

"देवाम्होरं ठिवलीय."

"का?"

"खोटं बोलायचं व्हतं. गळ्यात आसताना कसं बोलू?"

ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. खत कधी टाकायचं ते सांगावं तसं सांगितलं. मला तिथल्या तिथे जमिनीने गिळावं असं वाटलं. मी म्हणालो, "उद्याच्या उद्या देवळापुढे उभा राहतो आणि सगळं सांगतो."

"गप बस. आता मी बी त्यात हाय."

आणि ते खरंच होतं. मी खरं बोललो असतो तर गावात खोटे ठरले असते ते. माळ एकदा उतरवली की आपल्या हाताने परत घालता येत नाही, महाराजांकडून घालून घ्यावी लागते, आणि महाराज विचारणार, का उतरवलीत? "त्येंना खरं सांगितलं तर गावभर व्हनार," आप्पा म्हणाले, "आन खोटं सांगून माळ कशी घालू?" म्हणून ती अजून देव्हाऱ्यातच आहे. आई रोज तिच्यावर फूल ठेवते.

गावाने आपला अर्थ लावून घेतला. पोराच्या हाती पैसा आला आणि म्हातारा मटण खायला लागला. पारावर त्यांची थट्टा होते. "आप्पा, काल रस्सा जमला का?" असं म्हणतात. आप्पा हसतात. पूर्वी माझ्या धंद्यावरून ओशाळून हसायचे, तसंच.

यंदा जत्रेला एका पाहुण्यांकडे जेवायला गेलो. माळकऱ्यांची पंगत पलीकडे, पुरणपोळीची. आप्पा सवयीने तिकडे निघाले, तर वाढणाऱ्यांपैकी एकाने त्यांचा हात धरून त्यांना आमच्या मटणाच्या पंगतीत, माझ्या शेजारी बसवलं. "आता काय आडचन हाय आप्पा? माळ तर न्हाई." सगळे हसले. मटणाचं पातेलं आलं आणि त्याने पळी भरून आप्पांच्या ताटाकडे नेली. आप्पांनी घाईने ताटावर हात धरला. गरम रस्सा त्यांच्या हातावर सांडला. त्यांनी हात काढला नाही. "नको राव," ते म्हणाले, "पोटाला सोसत न्हाई."

मी शेजारीच होतो. माझ्या तोंडात घास होता.