पाचव्या गाठीची लबाडी

येत असलेली गोष्ट येत नाही, असं मी सात महिने सांगत राहिले. शाळेत पोरं येत नसलेलं येतं म्हणून सांगतात. मी उलट्या खोपडीची. वय तेव्हा अडुसष्ट, म्हणजे अक्कल यायला भरपूर वेळ मिळाला होता. आली नाही. माझा थोरला भाऊ, कोल्हारचा दादा, गेला त्याला आता दीड महिना होईल. जी लबाडी मी त्याच्याशी केली ती कुणापुढे कबूल करायची ते कळत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

दादा फौजेत ड्रायव्हर होता. काश्मीरला असताना त्याच्या साहेबांना गळाने ट्राउट मासे धरायचा नाद होता, आणि ते धरेपर्यंत दादा गाडी उभी करून ओढ्याकाठी बसून राहायचा. तिथल्या थंड, वाहत्या पाण्यात दगडांखाली माशीचं पिल्लू असतं, पंख फुटायच्या आधीचं. मासा ते खातो. म्हणून बारीकशा गळावर दोऱ्यांनी हुबेहूब तसंच पिल्लू विणायचं. निंफ म्हणतात त्याला. तिथल्या एका म्हाताऱ्याने दादाला ते शिकवलं. पहिल्या सुट्टीत त्याने एक घरी आणलं तेव्हा मी सतरा वर्षांची, स्वतःला फार देखणी समजणारी. नव्या तऱ्हेची पिन असेल असं वाटून मी ते वेणीत खोवलं. गळच तो, सुटतो कसला! शेवटी आईने कात्रीने वीतभर वेणी कापली. दादा हसत म्हणाला, "ट्राउट न्हाई, पर म्हैस घावली."

नोकरी संपल्यावर तो कोल्हारला शेती बघू लागला. प्रवरेत ट्राउट कुठला? तरी दुपारी ओसरीवर बसून एखादं निंफ विणायचाच... साहेब होते तोवर त्यांना टपालाने पाठवायचा, ते गेल्यावर कुणालाच नाही. मग डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांच्या नसा सुकत चालल्यात, गेलेलं दिसणं परत यायचं नाही. मुलाला शेतीतून सवड नाही, नातवंडं पुण्याला. एका गुरुवारी दादा एस.टी.ने माझ्याकडे केडगावला आला, पिशवीतून छोटा वाईस, स्क्रूचा लोखंडी चिमटा, काढून माझ्या जेवणाच्या टेबलाला आवळला, त्यात गळ धरवला आणि म्हणाला, "कमे, एका तरी मानसाच्या हातात हे ऱ्हायला पायजे. नायतर त्या म्हाताऱ्याचंबी गेलं अन् माजंबी."

दोन दोरे, एक काळपट, एक पिवळट. दोन्हींची मिळून साधी अर्धी गाठ मारायची, तिचं वेटोळं गळावर सरकवायचं, काळा पाठीवर, पिवळा पोटाखाली, आणि दोन्ही हातांनी सारखं ओढायचं. अशा दहा गाठी, एकीला एक लागून. एक हात जास्त ओढला की सगळं अंग पिळवटतं. पहिले दोन महिने माझी पिल्लं अपघातातून उठून आल्यासारखी दिसत. दादा दर गुरुवारी यायचा, टाचणीने गाठ सोडवायचा आणि म्हणायचा, "पुन्ना."

तिसऱ्या महिन्यात एका मंगळवारी, घरात एकटी असताना, दहाच्या दहा गाठी सरळ बसल्या. मी ते निंफ खिडकीपाशी नेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. आणि मग दादाचं आदल्या खेपेचं बोलणं आठवलं, "तुला जमलं की मी सुटलो बघ. मग हे यष्टीचे धक्के न्हाईत." यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. दोघांची कणीक मळायची तो आठवड्यातला एकच दिवस, गुरुवार. मी कात्रीने ते निंफ कापून टाकलं, आणि त्या गुरुवारी पाचव्या गाठीला पिवळा दोरा मुद्दाम जास्त ओढला.

काय हुशार वाटलं मला! दादा चिडायचा, "फौजेत मी रेड्यांना गाडी चालवायला शिकवलं, तू न्हाई शिकत." मी म्हणायची, "रेडे तरुण असतील." खिदळायचो दोघं. मग त्याला कमी कमी दिसू लागलं. मी विणलेलं तो अंगठ्याने चाचपायचा, पाचव्या गाठीवर अंगठा थांबायचा. पुढे पुढे तो चिडेनासा झाला, आणि मला वाटलं, रुळला. एकदा जेवताना म्हणाला, "माजंच शिकवनं खोटं असंल. त्या म्हाताऱ्यानं मला पंधरा दिसांत शिकवलं हुतं." मी त्याला आणखी एक भाकरी वाढली.

शेवटच्या गुरुवारी अंगठा तिथेच थांबला, पण त्याने टाचणी मागितली नाही. चाचपडत वाईसचा स्क्रू सैल केला, पिशवीत टाकला. "ऱ्हाऊ दे कमे. न्हाई व्हायचं आता." रिक्षापर्यंत सोडायला गेले तेव्हा जिभेवर आलं होतं... पण म्हटलं, असं नको, पुढच्या गुरुवारी आपणच कोल्हारला जावं आणि दहा सरळ गाठी त्याच्या तळहातावर ठेवाव्यात. काय तोंड होईल त्याचं! गंमत करायची होती मला. तेव्हासुद्धा.

बुधवारी सकाळी भाच्याचा फोन आला. "आत्या, आप्पा गेले. गोठ्यात पडले ते उठलेच न्हाईत."

तेराव्याच्या आधी मी एक निंफ विणलं. वाईस नव्हता, पकडीच्या मुठीला रबर लावून तिच्यात गळ धरला. दहा गाठी अशा बसल्या की म्हाताऱ्यालाही खोट काढता आली नसती. आगपेटीत घालून कोल्हारला नेलं. जेवणं उरकल्यावर मागच्या खोलीत वहिनी एकटी बसली होती. तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि ते तिच्या हातावर ठेवलं. मला वाटतं, मला तिच्याकडून माफी हवी होती, दादाच्या वतीने. तिने ते फिरवून फिरवून पाहिलं, माझ्या हातात परत दिलं, आणि म्हणाली,

"मला काय दाखवता, वन्सं? मला ह्याची पाठ कुठली अन् पोट कुठलं तेबी कळत न्हाई. ज्यांना कळत हुतं, ते गुरुवारचे घरी आले की भिताडाकडं तोंड करून बसायचे."