सीटखालची पत्रकं

माझं कॉलेज संपलं त्या वर्षी आमच्या संघटनेकडे एक जुनी व्हॅन होती. तिचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली, त्यामुळे ती तापली की आधी बसणाऱ्याला कळायचं. एकदा गगनबावड्याला जाताना कळे गावाजवळ तिच्यातून वाफा निघू लागल्या. चार वाजता वर धरणग्रस्तांची सभा होती. माणसं पावसात चालत येणार होती.

रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कानावर बिडी अडकवलेला शांत माणूस. मी मात्र गाडीची कंपनी गिऱ्हाइकाला कशी लुटते, यावर तावातावाने बोलत होतो. त्याने सगळं ऐकलं, "व्हय, व्हय" म्हणाला आणि सीट उचलली.

खाली आमच्या पत्रकांचे गठ्ठे होते. भिजलेली पत्रकं उबेला वाळावीत म्हणून आम्हीच ती इंजिनाभोवती कोंबली होती. हवा खेळायला जागाच नव्हती.

त्याने हात शर्टाला पुसले, एक पत्रक उचललं आणि मथळा मोठ्याने वाचला, "पेटून उठा!" मग कडेला करपलेला तो कागद माझ्यापुढे धरला.

"पावणं, लोकांच्या आधी तुमची गाडीच पेटून उठली असती की!"

बरोबरचे सगळे हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा. इंजिन निवल्यावर त्याने पाणी भरलं, गठ्ठे मागे रचले आणि ते करपलेलं पत्रक घडी करून खिशात ठेवलं. सभेला आम्ही वेळेत पोचलो.

तेव्हापासून कुणाविरुद्ध पत्रक लिहायला बसलो, की मी आधी उठून आपली सीट उचलून बघतो.