अहमदपूरच्या चौकातली निवड समिती

मुलाखतीची वेळ टळून गेली होती आणि आमच्या निवड समितीचे एक सदस्य अहमदपूरच्या चौकात फेटा बांधून घेत उभे होते. हे मला कुणी कळवलं नाही. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ आला.

मी तेव्हा नांदेडला आमच्या विद्यापीठात उपकुलसचिव होतो, आस्थापना विभागात. कुणाला घ्यायचं हे मी ठरवत नसे. ज्याला घेतलं तो नियमात कसा बसला, हे लिहून ठेवायचं काम माझं. त्या वर्षी गणिताचं अध्यासन सुरू व्हायचं होतं. अध्यासन म्हणजे देणगीतून चालणारी संशोधनाची जागा. तास कमी, संशोधन जास्त. माणूस तरुण हवा आणि नाव कमावण्याच्या वाटेवर असलेला हवा.

देणगी लातूरच्या बिराजदार सरांची. सरांचे कोचिंग क्लासेस आहेत. लातुरात कुठल्याही चौकात उभे राहा, होर्डिंगवर सर हात जोडून तुमचं स्वागत करत असतात. अध्यासनाला त्यांच्या वडिलांचं नाव, समितीवर देणगीदारांचे प्रतिनिधी म्हणून ते स्वतः, आणि उमेदवारांत त्यांच्या बहिणीचा मुलगा डॉ. संकेत. एवढी सोय सहसा एका घरात होत नाही.

दुसरी उमेदवार डॉ. प्रज्ञा सोनकांबळे, अहमदपूरची. बोलावलेले बाकीचे आलेच नाहीत, त्यांना संकेतची बातमी लागली असावी. प्रज्ञाचे पेपर बाहेरच्या नावाजलेल्या जर्नल्समध्ये होते. बंगळुरूची फेलोशिप संपत आली होती. इथं जमलं नाही तर परदेशात जायचं, असं ती फोनवर म्हणाली होती. वडील नाहीत, आई अहमदपूरला एकटी, म्हणून तिला इकडंच यायचं होतं. मला ती हवी होती, हे सरळच सांगतो. इतक्या वर्षांत असा अर्ज माझ्या टेबलावर आला नव्हता.

तर तो व्हिडिओ. चौकात भला मोठा फ्लेक्स. 'अहमदपूरची लेक गणिताच्या अध्यासनावर! हार्दिक अभिनंदन!' मध्ये प्रज्ञा, खाली गल्लीतली गॉगलवाली पोरं, आणि वर कोपऱ्यात 'दानशूर शिक्षणमहर्षी' बिराजदार सर. लातूरहून नांदेडला येताना अहमदपूर लागतंच. सरांना स्वतःचा फोटो दिसला आणि गाडी थांबली. मग हलगी, हार, फेटा. कुणीतरी माईक हातात दिला. माईक मिळाल्यावर सर गप्प बसतील ही अपेक्षाच चूक. "अहमदपूरच्या लेकीला मी कधी अंतर देणार नाही!" सर गरजले. टाळ्या पडल्या.

प्रज्ञा मुलाखतीसाठी येऊन बसली होती. मी तिला बाहेर बोलावून व्हिडिओ दाखवला. तिचा चेहरा उतरला.

"मामांनी लावला असणार, सर. मला आत्ता कळतंय हे."

मामा एसटीत कंडक्टर. मी तिच्याकडून नंबर घेऊन फोन लावला.

"जय भीम, साहेब!"

"जय भीम. अहो मामा, मुलाखत अजून व्हायचीय. बोलावलं म्हणजे घेतलं नाही."

"हाव, ठाव हाय मला. येडा न्हाई मी."

"मग फ्लेक्स कशाला लावला?"

"निकाल लागल्यावर समदेच लावतेत, साहेब. आमच्या पोरीच्या बारीला निकालच लागू देत न्हाईत. लई बघितलंय. म्हणून म्हणलं, आदी लावून टाकू. आता काढा म्हणावं तिला, समद्या गावासमोर."

"तिला विचारलं होतं?"

"इचारलं असतं तर तिनं लावू दिला असता का?"

मामाचं पटलं, मी फोन ठेवला. पण धास्ती वेगळीच होती. आमच्या जाहिरातीत शेवटी एक ओळ असते: कॅनव्हासिंग केल्यास उमेदवारी रद्द. कॅनव्हासिंग म्हणजे सदस्यांना गाठून स्वतःसाठी शब्द टाकणं. ज्या फ्लेक्सनं पोरीला वर चढवलं, तोच तिला बाद करू शकत होता.

आणि तसंच घडू पाहत होतं. सरांची गाडी आली. पुढून फेटा उतरला, मागून डॉ. संकेत. सरांनी मला बाजूला घेतलं.

"मोरे साहेब, नियम काय म्हणतो? मेंबरचा फोटो छापून फ्लेक्स लावलाय त्या पोरीनं. बाद की नाही?"

हे बोलताना त्याच फ्लेक्सखाली बांधलेला फेटा त्यांच्या डोक्यावर होता. मला हसूही आलं आणि संतापही आला. दोन्ही गिळून मी म्हणालो, "फ्लेक्स मामानं लावलाय सर, तिला पत्ताही नव्हता. तरी तुम्ही लेखी तक्रार दिलीत तर घेतो. पण मग पुरावा म्हणून व्हिडिओही जोडावा लागेल." आणि मोबाइल पुढे धरला. सरांचा आवाज खणखणीत आला होता.

"राहू द्या, राहू द्या."

"आणि तुमची एक सही राहिलीय. उमेदवारांत कुणी नातेवाईक नाही, अशी."

"बहिणीचा मुलगा नातेवाइकात येतो का?"

"येतो की सर. तो मुलाखतीला बसला तर तुम्हाला बाहेर बसावं लागेल. निवड झाल्यावरच्या फोटोतही तुम्ही नसाल."

नात्याचं ऐकून त्यांना काही वाटलं नव्हतं, फोटोचं ऐकून वाटलं. ते गाडीपाशी गेले, संकेतशी बोलले, परत आले. "संकेतला बरं वाटत नाहीये. अॅसिडिटी. तो माघार घेतोय." संकेत पुढचा तासभर गेटसमोर भजी खात होता.

प्रज्ञा आत आली ती उभ्यानंच बोलली, "फ्लेक्स माझ्या मामांनी लावलाय, मला न विचारता. नियमात बसत नसेल तर मी परत जाते."

कुलगुरूंनी माझ्याकडे पाहिलं. नियमात बसतं, अशी मी मान डोलावली. बाहेरून आलेले तज्ज्ञ हैदराबादचे रेड्डी सर होते. ते म्हणाले, "बैठो बेटा. फ्लेक्स मैंने देखा नहीं, पेपर देखे हैं. गाँठ दिखाओ."

तिचा विषय गाठींचं गणित. तिनं दोरी मागितली. मी माझ्या फाइलची नाडी सोडून दिली. तिनं तिची दोन्ही टोकं जोडून टेबलावर गुंता केला. म्हणाली, असे दोन गुंते सारखेच दिसतात, पण एक ओढला की सुटतो आणि दुसरा जन्मात सुटत नाही. न ओढता कोणता कुठला हे सांगायचं, ते माझं काम. मग ती फळ्याकडे वळली. रेड्डी सर उठून तिच्या शेजारी गेले, त्यांचा चहा गार झाला. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण फार बरं वाटत होतं.

बिराजदार सरांनी शेवटी विचारलंच, "हे जेईईला किती मार्काला येतं?"

"येत नाही, सर."

"मग?"

कुलगुरू खाकरले. "बाहेर पत्रकार थांबलेत. अहमदपूरचा व्हिडिओ त्यांच्याकडेही गेलाय."

सरांनी फेटा सारखा केला. निवड एकमतानं झाली.

जाताना प्रज्ञानं मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "सर, खरं सांगा. मला गणितामुळे घेतलं की फ्लेक्समुळे?"

"निवड गणितामुळे झाली. पण मुलाखत मुलाखतीसारखी झाली, ती फ्लेक्समुळे."

ती हसली नाही. "म्हणजे मामाच बरोबर होते. वाईट वाटतं, सर."

मलाही वाटलं. तेवढं तिला सांगितलं.

आता ती रुजू आहे, आई नांदेडला तिच्याकडे आहे, काम उत्तम चाललंय. लातूरच्या होर्डिंगवर सरांच्या शेजारी तिचा फोटो झळकतो, काढा म्हणून तिनं सांगूनही. मी यातून एवढंच शिकलो की बायोडाटा वाचणारा समितीत एखादाच असतो, फ्लेक्स मात्र सगळे वाचतात. पुढच्या जाहिरातीत कॅनव्हासिंगच्या ओळीत फ्लेक्सचाही उल्लेख करावा, अशी लेखी सूचना बिराजदार सरांनी पाठवली होती. मी रिटायर होईपर्यंत ती दाबून ठेवली. अजून कुणाच्या तरी मामाला फ्लेक्स लावावा लागणार आहे.