घराचा होकार

शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष म्हणून मला निवडलं तेव्हा पालकसभेत एकानेही विरोध केला नाही, आणि मला त्याचा चक्क अभिमान वाटला होता. बाई हवी, गावातली हवी आणि जिचं मूल अजून काही वर्षं शाळेत असेल अशी हवी, एवढ्या चाळणीतून मी एकटीच उरले होते, हे नंतर लक्षात आलं. मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, महिन्यातून एकदा यायचं, चहा घ्यायचा, सही करायची." चहा मी घेतला. सही करण्याआधी काय लिहिलंय ते वाचायला मागितलं, तेव्हा सरांचा चेहरा जरा उतरला. मी तोंडाळ आहे हे सफाळ्याकडे, माझ्या माहेरी, सगळ्यांना ठाऊक होतं. सासरच्या गावाला कळायला थोडा वेळ लागला.

आमचं गाव बोईसरच्या कारखान्यांना जवळजवळ चिकटून आहे. शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. मुलं दोन प्रकारची. एक आमच्यासारख्या जुन्या घरांतली, ज्यांच्या चिकूच्या वाड्या आहेत किंवा होत्या. दुसरी कारखान्यांत कामाला आलेल्यांची, जी गावात भाड्याच्या खोल्या घेऊन राहतात. खरं सांगायचं तर शाळा चालायची ती या दुसऱ्या मुलांच्या जिवावर. त्यांच्यातली एक बाई समितीवर होती, परभणीकडची. तिची मुलगी आणि माझी मुलगी एकाच बाकावर बसायच्या आणि एकाच डब्यात जेवायच्या. त्यामुळे आम्ही दोघीही हळूहळू तशाच झालो होतो.

शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत सहावी-सातवी भरायची. भिंतींना भेगा गेल्या, खोल्या धोकादायक ठरल्या आणि पाडल्या गेल्या. ते दोन वर्ग व्हरांड्यात आले. आमच्या दोघींच्या मुली पुढच्या वर्षी सहावीत जाणार होत्या. नव्या खोल्या झाल्या नाहीत तर सहावी-सातवी गावातून उठणार आणि मुलांना कारखान्यांच्या पलीकडच्या मोठ्या शाळेत जावं लागणार, हे उघड होतं. तो रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. टँकर, ट्रेलर, शिफ्ट सुटल्यावरची गर्दी, आणि चालायला कडेची माती, तीही पावसाळ्यात नाही. मुलगे जातील कसेतरी. मुली घरी बसतील.

म्हणून आम्ही दोघी एका कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसलो. गेटवरच्या माणसाने आधी हाकलायला बघितलं, मग परभणीवालीने आपल्या मोडक्या हिंदीत त्याला असं काही सुनावलं की त्याने खुर्च्या दिल्या. चार-पाच खेपा झाल्या. शेवटी तिथल्या साहेबाने मान्य केलं की कंपनी गावासाठी यंदा एक बांधकाम करून देणार आहे, तर शाळेच्या खोल्या करू. परत येताना आम्ही नाक्यावर उसाचा रस प्यायलो. ती म्हणाली, "ताई, आता पोरगी सातवी तर शिकंल." मला तिच्यापेक्षा जास्त आनंद झाला होता, कारण आपण हे केलं असं मला वाटत होतं.

मग घरी रोज तोच विषय. नवऱ्यापुढे ताट ठेवायचं आणि खोल्यांचं बोलत बसायचं. फळा कुठल्या भिंतीला, दार कुठे, मुलींचं स्वच्छतागृह कुठे. तो शांत माणूस आहे, जेवताना मान हलवतो. एकदा मात्र आपणहून बोलला. "कारखान्याच्या अंगाला खिडकी नको ठेवू. वास येतो. पोरांची डोकी उठतील." मला इतकं बरं वाटलं. हा माणूस ऐकतोय, विचारही करतोय, म्हणून मी त्याला आणखी एक भाकरी आग्रहाने वाढली.

समितीची सभा शनिवारी शाळा सुटल्यावर होती. सगळे आले, ही पहिली शंका घ्यायची गोष्ट होती, पण मी घेतली नाही. मी खोल्यांचा विषय वाचला. त्यावर ग्रामपंचायतीकडून समितीवर असलेले सदस्य बोलायला उठले. ते नात्याने माझे चुलत सासरे लागतात. घसा साफ करून त्यांनी सांगितलं की मागची जागा मुळात गावकीची, शाळेला तोंडी दिलेली. आता खोल्या पडल्यात तर जागा गावकीकडे परत येते. तिथे कंपनीकडून गावाला सभागृह बांधून घ्यायचं, लग्नकार्याला सोय होईल. सहावी-सातवीची मुलं मोठ्या शाळेत जातील, तिथे कॉम्प्युटरपण हाय.

मी म्हटलं, "काका, कंपनीने खोल्यांचं कबूल केलंय."

"कंपनी म्हणते, गाव सांगेल ते बांधू. गावाने सांगितलं."

"गावाने कधी सांगितलं?"

ते माझ्याकडे रागाने बघतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मायेने बघितलं. "पोरी, देवळात बैठक झाली नाय का मागच्या सोमवारी? तुझ्या घराचा होकार आलाय. आता तू कशाला उभी रहातेस?"

आमच्याकडे गावकी देवळात बसते. जुन्या घरांतला घरटी एक पुरुष. भाडेकऱ्यांना तिथे जागा नाही, बायकांना तर नाहीच. घरच्या माणसाने हो म्हटलं की ते घर हो म्हणालं, आणि मग त्या घरातल्या कोणी बाहेर नाही म्हणायचं नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण गावकी म्हणजे पालखी, जत्रा, लग्नाचा मांडव, अशी माझी समजूत. शाळेचं शाळेत ठरतं असं मी धरून चालले होते. सरकारने समिती कशाला केली मग?

मी गावातल्या बाकीच्या बायकांकडे बघितलं. एक पदराशी चाळा करत होती, दुसरी खिडकीबाहेर बघत होती. सगळ्या मूग गिळून बसलेल्या. त्यांना माहीत होतं. त्यांच्या नवऱ्यांनी त्यांना घरी येऊन सांगितलं होतं. न सांगितलेली मी एकटीच, आणि खुर्ची अध्यक्षाची. हात वर झाले. परभणीवालीने केला नाही, मी केला नाही. ती माझ्या कानाशी येऊन विचारत होती, "कंच्या घराचा होकार म्हनले ते?"  तिला उत्तर द्यायचं सोडून मी मोठ्याने सांगितलं, सही करणार नाही. सर खाली बघत म्हणाले, "ताई, बहुमत आहे. उपाध्यक्षांची सही चालते."

नवरा कारखान्यातल्या पहिल्या पाळीहून येऊन ओटीवर बसला होता. मी चपला काढल्या नाहीत.

"सोमवारी देवळात तुमी हो म्हणालात?"

त्याने लगेच कबूल केलं. खोटं बोलला असता तर मला भांडायला बरं पडलं असतं. "सगळे हो म्हणाले. मी एकटा नाय म्हणालो असतो तर उद्या आपल्या पोरीच्या लग्नात मांडव घालायला कोण आला असता? आईला न्यायला खांदा कोण देणार होता?"

यात खोटं काही नव्हतं. गावकीने वाळीत टाकलेलं घर मी पाहिलेलं आहे. भीती मला कळत होती. त्याने तेव्हाच घरी येऊन सांगितलं असतं की मी घाबरलो, मला नाही म्हणता आलं नाही, तर मी आरडाओरडा केला असता आणि नंतर त्याची कीवही केली असती.

"मग मला का नाय सांगितलं?"

"तू भांडली असतीस."

"खिडकीचं कधी बोललात?" मी विचारलं. "सोमवारच्या आधी की नंतर?"

तो पाणी प्यायला उठला, म्हणजे नंतर. खोल्या होणार नाहीत हे ठाऊक असताना हा माणूस माझ्या हातची भाकरी मोडत, न होणाऱ्या खोलीची खिडकी कुठे नको ते मला सांगत होता. गावाने केलं त्याचा मला संताप आला. याने केसाने गळा कापला. अजूनही त्याला जेवायला वाढताना ती खिडकी आठवते आणि माझा हात आखडतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत परभणीवाली सामान बांधताना दिसली. मुलीला गावी आजीकडे ठेवायला निघाली होती. त्या रस्त्याने पोरीला रोज सोडायचं कोणी, दोघंही कामावर. मुलगी दाराशी बसून रडत होती. माझी मुलगी तिच्या शेजारी.

मी सांगायला गेले होते की सुट्टीनंतर दोघींना मी स्वतः नेईन, आणीन. ती ऐकून घेत राहिली, गाठोड्याची गाठ मारत राहिली. मग म्हणाली, "आमी भाहेरचे, ताई. आमाला कोन इचारनार? पर तुमचं घर तर व्हतं तिथं."

"मला ठाऊक नव्हतं," मी म्हटलं. "देवाशपथ, मला घरात कोणी सांगितलं नव्हतं."

ती थांबली. तिने माझ्याकडे नीट बघितलं. "असं कसं व्हईल? एका घरात ऱ्हाता, एका ताटात जेवता. नवऱ्यानं सांगितलं नसंल व्हय?" आवाजात राग नव्हता. मी लाजून खोटं बोलतेय असं समजून ती मला सांभाळून घेत होती.

मी पुन्हा शपथ घेतली नाही. तिच्या जागी मी असते तर माझाही विश्वास बसला नसता.