वरचे टाके

राज्यांची नव्याने वाटणी झाली आणि माझं अमरावती मुंबई राज्यात गेलं. मी मात्र मुलींच्या शाळेतल्या नोकरीपायी बऱ्हाणपुरात, म्हणजे मध्य प्रदेशात राहिले. लोधीपुऱ्यात एक खोली घेतली होती. दिवसभर वर्गात घसा कोरडा करायचा आणि घरी आलं की कुलपाशीसुद्धा दोन शब्द बोलावेसे वाटायचे, इतकी मी एकटी होते.

त्यातच शाळेच्या फाटकाचा उचकटलेला पत्रा माझ्या पोटरीत घुसला. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घातले. म्हणाले, "आतले आपोआप विरघळतील. वरचे नायलॉनचे आहेत, ते काढायला यावं लागेल." नायलॉन म्हटलं की आम्हाला तेव्हा फक्त साडी ठाऊक. शाळेतली एकजण तसली साडी नेसून आली, तर मधल्या सुट्टीत सगळ्याजणी तिचा पदर चाचपून गेल्या. माझ्या वाट्याला नायलॉन आलं ते पोटरीत, आणि ते बघायला कुणी फिरकलं नाही.

त्याचं कौतुक केलं दवाखान्यातल्या नर्सबाईंनी. त्या जवळच्याच फोपनार गावच्या, माझ्याहून वयाने मोठ्या. दिवसाआड पट्टी बदलताना माझा पाय सरळ मांडीवर घ्यायच्या.

"पाहा बाई, रेशीम राहिलं असतं तं आतापावेतो पू धरला असता. हा धागा पानी पीतच नाही. एकदम साफ." मग विचारायच्या, "आज काय रांधलं?"

अख्ख्या बऱ्हाणपुरात मला हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. नुसत्या चहावर भागवलेलं असलं तरी मी ऐटीत वांग्याची भाजी सांगायचे. पुढे पुढे तर त्यांना सांगता यावं म्हणून खरंच करायला लागले.

जखम मात्र इतकी शहाण्यासारखी भरत गेली, की मला तिचा रागच यायला लागला.

शेवटी टाके काढायचा दिवस आला. त्यांनी चिमट्याने गाठ उचलली, कातरीने कापली, धागा सुळकन बाहेर आला. मग दुसरा, तिसरा. जरासुद्धा दुखलं नाही. दुखलं असतं तर थोडा वेळ तरी लागला असता.

चपला घालून मी सवयीने म्हटलं, "येते हं."

"दवाखान्यात येते नाही म्हनत, बाई," त्या हसल्या. "इथं जाते म्हना. देव करो, अन् पुन्हा यायची पाळी न येवो."

माझं भलं चिंतूनच बोलल्या होत्या, त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती. मी "जाते" म्हटलं आणि बाहेर आले. पाय ठणठणीत होता. दवाखान्याच्या फाटकापाशी मला रडू आलं.